पापुद्रा

पगाराच्या चिठ्ठीवर मी तंत्रज्ञ, ग्रेड तीन.
पोरं म्हणतात उस्ताद.
शारजाच्या कला महाविद्यालयात तळमजल्यावर,
एसीच्या घरघरणाऱ्या यंत्रांशेजारी, माझी कार्यशाळा.

वरच्या मजल्यावर कल्पना शिकवतात.
त्या जिना उतरून येतात, टॅबवर गरगर फिरत :
उस्ताद, एवढं गुरुवारपर्यंत.
मी करून देतो. नाही जमलं तर
इंडस्ट्रियल एरियातला लेझरवाला देतो.
प्रदर्शनात पाटी लागते : लाकूड आणि स्मृती.
चार वर्षांनी पोरं निघतात,
कुठल्या फळीत खिळा मारला की ती फाटते
हे न विचारताच.

दोष त्यांचा नाही.
वेळापत्रकात हातांचा तास नाही.
एकदा मी बोललो तर डीनबाई हसल्या,
ते सगळं यूट्यूबवर असतं, बशीर.

बाप दाभोळच्या खाडीवर मचवे बांधायचा.
पहिलं वर्षभर त्यानं मला फक्त
पटाश्या घासायला बसवलं.
मनातल्या मनात किती शिव्या घातल्या मी त्याला.

मौझा आली ती निखळलेला सांधा घेऊन.
गोंदानं दगा दिलेला.
म्हणाली, करून नको देऊस. दाखव.

मी दगड दिला, वाटीभर पाणी दिलं.
तीन आठवडे घासत होती.
नखांचा रंग गेला, अंगठ्याला चीर,
अबायाच्या बाहीला करडा गाळ.
मग एका दुपारी मनगटावरची लव
पात्यानं अलगद उडवून बघितली
आणि काही बोलली नाही.
मीही नाही.

परीक्षेला दाखवायला काहीच नव्हतं तिच्याकडे.
सागाचा एक पापुद्रा, हातभर लांब,
रंध्यातून अखंड आलेला,
भिंतीवर टाचणीनं.

मी दाराशी शिडी धरून उभा.
परीक्षक वीस मिनिटं बोलले.
झाडाची त्वचा. स्थलांतर. अनुपस्थिती.
एकजण म्हणाला, केवढं धाडस!
मौझानं सगळं ऐकून घेतलं.
नाही सर, म्हणाली,
हा पहिलाच, जो फाटला नाही.

किती गुण दिले, मला माहीत नाही.
सकाळपर्यंत एसीच्या झोतानं
पापुद्रा एका कडेला वळला होता.
लाकूड ते, वळणारच.

संध्याकाळी ती खाली आली,
न विचारता फळीवरचा रंधा काढला,
उलटा केला,
आणि धारेला बोट न लावता
पातं दिव्याकडे धरून
एक डोळा मिटला.