कापलेल्या गुणांविषयी

ओताकार, कुनोवित्सेच्या शाळेतल्या व्यायामशाळेत
एकोणीस नंबरच्या टेबलावर तुम्ही भिंग घेऊन वाकलात
आणि माझ्या भुंग्याच्या कार्डावर
निळ्या पेनानं लिहून गेलात.
वाचलं मी. चष्मा बदलून पुन्हा वाचलं.

भुंगा म्हणजे फवारणीचं विमान,
हे तुम्हाला सांगायला नको. इथं घरटी कुणी ना कुणी
त्या कारखान्यात खपलंय.
मी अठ्ठावीस वर्षं. आधी रिव्हेट, मग इंजिनं, मग हवाईपट्टी.
आता त्याचा बहात्तरावा हिस्सा करते,
स्वयंपाकघरात, पाव कापायच्या फळीवर.

तुम्ही लिहिलंय: उजव्या पंखाच्या टोकाचा पिवळा जुळलेला नाही.
नव्हताच जुळला.
लुबोरनं हॉप्सच्या मांडवाचा खांब घासला होता.
नवं टोक बसवलं तेव्हा मोहरीच्या रंगाचा डबा खडखडीत,
म्हणून ट्रॅक्टरच्या रंगात मीच पांढरा कालवला.
रात्रीचे दोन वाजलेले.
दिव्याखाली सगळे पिवळे सारखेच.
उजाडल्यावर बघतो तर अंड्याचा बलक!
लुबोर पंखाला टेकून उचकी लागेपर्यंत हसला.
तो बलक साधायला या खेपेला तीन आठवडे गेले.
बरोबर रंग बाटलीत विकत मिळतो, ओताकार.
चुकलेला घरीच करावा लागतो.

हात थरथरतो आता. म्हणून श्वास सोडून झाला
की पुढचा घेण्याआधी जी फट असते
तेवढ्यात रेघ ओढायची.
कॉकपिटची काच लाखेत बुडवली, वर वाटी उपडी घातली,
कारण या मापात धुळीचा कण म्हणजे धोंडा.
अँटेनासाठी प्लास्टिकची काडी मेणबत्तीवर धरून
केसाएवढी ताणली. अकरा तुटल्या.
बारावीचे तुम्ही गुण दिलेत. आभार.

पुढे: मागच्या सीटचा पट्टा उघडा लोंबतोय, निष्काळजीपणा.

मागची सीट मेकॅनिकची. तोंड शेपटीकडे.
मध्ये औषधाची टाकी, वैमानिकाची पाठसुद्धा दिसत नाही.
नऊ हंगाम मी तिथं बसले.
त्याला दिसायचं येणारं शेत,
मला फवारून झालेलं.
काही सांगायचं तर टाकीवर पाना वाजवायचा.
एक ठोका, ठीक. दोन, उतरू या.
तीनचा अर्थ आम्ही कधी ठरवला नव्हता.

शहात्तरच्या मे महिन्यात, पहाटे, टाकी रिकामी असताना
त्यानं पुढून तीनदा वाजवलं.
मी पट्टा बांधलेला होता.
तो सोडला. खाली उतरले.
चाकांखालचे ठोकळे काढले, ते माझं कामच होतं,
आणि भुंगा मोराव्हा नदीच्या धुक्यात शिरला,
झाडांच्या शेंड्यांखालून, दक्षिणेला.

साहेबांनी विचारलं, काय पाहिलंस?
म्हटलं, साहेब, मी मागं तोंड करून बसणारी बाई.

आठ दिवसांनी विमान ट्रकवरून परत आलं, पंख सुटे करून.
विमान तेवढं आलं.

तुमचा शेवटचा शेरा:
चाकांवरचा चिखल आपल्याकडचा वाटत नाही.
नजर चांगली आहे तुमची.
आपला काळा, चिकट. तो पांढुरका होता, पलीकडच्या
कुठल्याशा शेतातला, त्यात गवताची एक काडी.
धुऊन टाकायचा हुकूम होता, बादलीभर पाण्यात मी धुतला.
आता खडू किसला, चिमूटभर राख घातली,
आणि तीन केसांच्या ब्रशनं परत लावला,
आधी डाव्या चाकाला, मग उजव्या.
काडी काही जमली नाही.

तर कापा गुण, माझी तक्रार नाही.
फक्त टेबलं आवरताना कुणी तो पट्टा
चिमट्यानं नीट करायला जाऊ नये.
आणि टाकीचं झाकण ओढू नका,
ते चिकटवलेलं आहे.