घडणावळ

रंकाळ्याच्या पायरीवरचं शेवाळ
बरणीत भरताना वॉचमन म्हणाला,
"न्या की घमेलंभर, कोण इचारतंय!"

धुतलं, वाळवलं, उकळून गाळलं.
त्या हिरवट पाण्यात थेंबथेंब चांदीचं मीठ.
दुपारपर्यंत रंग
कोऱ्या चहासारखा.

अण्णा, हुपरीत तुम्ही जन्मभर
फुंकणी धरून पैंजणांना डाक लावलात.
इथं भट्टी नाही,
आणि चांदी इतकी बारीक
की तुमच्या ताजव्याला कळणार नाही.

आज काचेच्या बशीत,
जंतूंच्या दाट सायीत,
ठिपक्याभोवती स्वच्छ कडं उमटलं.
मोजलं. चौदा मिलिमीटर.
जोडव्याएवढं.

तुमच्या अंगठ्याची जखम अजून ओलीच.
औषध व्हायला वर्षं जातील म्हटलं,
तर फोनवर विचारलंत,
"घडणावळ किती पडली?"