सातव्या पुलापर्यंत

खोकी अजून सगळी उघडली नाहीत.
'स्वयंपाकघर, जपून' असं लिहिलेल्या एकावर
नकाशा पसरून बसलोय.
हातात पेन्सिल आणि तांबड्या दोऱ्याचं रीळ.

किकापू मोजायची तर पट्टी चालत नाही.
ही नदी सरळ जातच नाही कुठे.
चार पावलं जाते आणि मागे वळते,
गॅस बंद केला का, हे आठवून
जिन्यातून परत फिरणाऱ्या माणसासारखी.

म्हणून दोरा. नखाने दाबत, वळणावळणाने.
ऑन्टॅरिओ गावापासून सातव्या पुलापर्यंत
चांगला वीतभर भरला.
डांबरी रस्त्याने तेच अंतर
बोटाची दोन पेरं.

होडी अंगणात पालथी आहे,
हिरवी, लिलावात घेतलेली, बुडाला एक ठिगळ.
पलीकडचा आर्लिन टॉर्गरसन ती बघायला आला.
चाळीस वर्षं दुधाचा टँकर चालवलाय त्याने,
या खोऱ्यातला प्रत्येक पूल
त्याला चाकांखालच्या आवाजाने ओळखू येतो.
ठिगळावर अंगठा दाबून म्हणाला,
"आधी उतरायची जागा ठरव.
चढायचं काय, कुठूनही चढता येतं."

हे मी नकाशाच्या कडेला लिहून ठेवलं. मराठीत.
व्हिरोक्वाला येताना आम्ही
उलटंच केलं होतं.

आणखीही सांगितलं त्याने.
पाणी उतरलं की होडीत बसायचं नाही, होडी ओढायची.
पाणी तांबूस दिसलं की घरी थांबायचं.
आडव्या पडलेल्या झाडाशी मात्र शहाणपणा नको,
फांद्यांतून पाणी जातं, माणूस जात नाही.

तेव्हापासून रोज सकाळी
चहाआधी फोनवर नदीची पातळी बघतो.
सोलापूरला बाबा पेपर उघडून
आधी धरणाचा साठा वाचायचे,
मग कोण गेलं ते.

शलाका रात्रपाळीहून आली,
बूट न काढता नकाशावर वाकली.
"हे काय, ला फार्जच्या वर?"
मनोरा आहे, म्हटलं, काँक्रीटचा.
धरण बांधायला घेतलं होतं, शेतं घेतली,
माणसं उठवली. मग काम अर्ध्यावर थांबलं.
आर्लिनच्या मामाचं घर त्यातच गेलं.

ती बराच वेळ बोलली नाही.
तिचं आजोळ उजनीच्या पाण्याखाली आहे.
"म्हणजे गावं गेली," ती म्हणाली,
"आणि पाणी आलंच नाही?"

नाही आलं. आता तिथे झाडी आहे,
दगडाच्या कड्यांवर नेचे, आणि
पाहिजे तशी वळणारी नदी.

तिने माझ्या हातून पेन्सिल घेतली,
मनोऱ्याभोवती गोल काढला,
शेजारी लिहिलं: 'इथे डबा खायचा.'

मग विचारलं, परत कसं यायचं?
ते ठरलंय. सायकल आधीच सातव्या पुलाखाली
कुलूप लावून ठेवायची.
चार तास नदीने खाली,
मग सायकलवरून वीस मिनिटांत
गाडीपाशी, जिथून निघालो तिथेच.

"एवढ्यासाठी चार तास?"
हो.
ती हसली. पहिल्यांदाच, या घरात.

मेचा दुसरा शनिवार, तिला सुट्टी असेल तर.
पातळी बरी असेल तर.
ठिगळ टिकलं तर.
आणि मनोरा पहिल्या दिवशी होणार नाही,
तो बराच खाली आहे, त्याला वेगळा दिवस.

झोपायला जाताना तिने नकाशावरचा दोरा उचलला,
दातांनी तोडला,
कोटाचं लोंबणारं बटण लावून टाकलं.
तिसरा पूल ते पाचवा,
तेवढा पुरला.