दुसरी चप्पल

चार वाजता जाग येते. कुणी उठवत नाही.
डोळे उघडायच्या आधी हात बुटांकडे जातो
आणि पलंगाखाली सापडते चार्वीची चप्पल,
एकच, फुलपाखराचा बिल्ला लावलेली.
पंखा फिरतोय. फाल्गुन लागलाय.
तरी मी पायमोजे घालूनच झोपलो होतो.
दर्शना म्हणते, काढा आता ते,
करावे गावात कोण बर्फ पाडतंय?

पहिले दोन दिवस नुसते जेवणात गेले.
जिताड्याचं कालवण, तांदळाची भाकरी.
आळीतली माणसं येऊन विचारून गेली,
तिकडं थंडी लय असंल ना?
म्हटलं, असते.
तेवढ्यावर सगळ्यांचं समाधान झालं.

तिसऱ्या दिवसापासून आम्ही बाहेर पडू लागलो.
लांब नाही, घरापासून वीस मिनिटं,
तलावाच्या कडेनं खाडीच्या बांधापर्यंत.
मी, बाबा, आणि मध्ये चार्वी,
जिला साडेसहा वर्षांत मी
एकूण चौदा महिने मिळालोय.
हिशेब तिच्या आईचा.

बाबा चालता चालता जमीन सांगतात.
ही सोसायटी आहे ना, इथं आपलं आगर.
पंपापाशी उघाडी. त्या एटीएमच्या जागी
मिठाची रास, पावसाआधी पेंढ्यानं शाकारलेली.
हद्द दाखवायला ते काठी उचलतात
आणि एक रिक्षा थांबते.
कुठं जायचंय काका?
कुठं नाय, बाबा म्हणतात, हितंच हाय मी.

हद्दी मीही पाहिल्यात. तारेच्या, दगडांच्या,
नुसत्या बोटानं दाखवलेल्या.
बाबांची फक्त त्यांना दिसते
आणि तिच्यावरून रोज शाळेच्या बस जातात.

ओहोटीला चिखलावर फ्लेमिंगो उतरलेले असतात.
पप्पा, मोज.
मी सवयीनं डाव्या टोकापासून घेतो,
दहा दहाचे गट. शंभरापर्यंत नीट जातं.
मग एक थवा उठतो, फिरून
मोजलेल्यांतच येऊन बसतो.
तिकडं गिनती मोडली की पोटात गोळा येतो.
एक कमी भरला त्या रात्री
लंगरातली डाळ तशीच राहिली होती.
इथं चार्वी टाळ्या पिटते, पप्पा चुकला, पप्पा चुकला,
आणि मी पुन्हा मोजतो,
पुन्हा चुकतो, थोडा मुद्दाम,
मग मुद्दाम नाही.

परतताना सावर लागते. एक पान नाही अंगावर,
लालभडक फुलं, मैनांचं भांडण, खारींची पळापळ.
तिची फुलं जड. पडताना आवाज होतो.
त्यांच्यामधून मी पाय जपून टाकतो,
नजर खाली, दोन पावलं पुढे,
जसं शिकवलंय, जसं आता सुटत नाही.
चार्वी माझा हात ओढते.
पप्पा, तुझं काही हरवलंय का?

काय सांगणार?
म्हटलं, हो. तुझी दुसरी चप्पल.

तेव्हापासून आम्ही शोधतोय.
बांधावर, तिवरांच्या मुळांत,
होळीसाठी पोरांनी रचलेल्या फाट्यांखाली,
शहाळेवाल्या मंगेशच्या हातगाडीमागे.
तो म्हणाला, काल एक डावी दिसली होती.
चार्वीनं त्याला सुनावलं, आमची उजवी आहे.
एकदा तर तिनं बाबांना
जुन्या आगराची जागाच विचारली,
तिथं गेली असेल का म्हणून.
बाबा गंभीर झाले. काठी टेकून म्हणाले,
बघाय पायजे.

चप्पल स्कूटरच्या डिकीत आहे.
मला सातव्या दिवशी दिसली,
रुमालात नीट गुंडाळलेली, गाठ मारलेली.
इतकी घट्ट गाठ तिला येत नाही.
दर्शनाला येते.
मी डिकी बंद केली.

आज अकरावा दिवस. अकराच उरलेत.
रात्री अंथरुणात चार्वी विचारते,
उद्या कुठं शोधायची?
मी म्हणतो, पारसिकच्या टेकडीवर.
ती छताकडे बघत विचार करते.
एवढ्या वर चढली असेल?
एकटी?