पार्ट काही लागला नाही

खरातमामांनी तो रिक्षातून उतरवला
तेव्हा त्याच्यावर चर्चमधली चटई होती
आणि चटईवर आडवी-उभी सुतळी,
कुणी पळून जाईल म्हणून बांधावं तशी.
ताई, दिवे तर लागायलेत, म्हणाले,
पण आवाजच येईना झालाय.
शनिवारी बदनापूरला कार्यक्रम आहे, काय की बघा.

बघते म्हटलं.

मागचं फळकूट काढलं. आत पाच काचा,
पाचांतही कंदिलाची वात उतरवल्यावर उरते तेवढी लाली.
दोन वाजता एमआयडीसीत भट्ट्या चढतात
आणि आमच्या गल्लीतला उजेड खाली बसतो.
ती लालीही जराशी बसली. म्हणजे इथवर बरोबर.

मोईजचाचांनी शिकवलं होतं :
नळाला पाणी नसेल तर आधी तोटी बघ,
मग गल्ली. टाकीवर शेवटी चढायचं.
जालन्यात हे कुणाला वेगळं सांगावं लागत नाही.
आणि डावा हात खिशात, बेटी, हमेशा.
माझ्या ड्रेसला खिसा नाही,
मी तो ओढणीत गुंडाळून पाठीशी ठेवते.

प्लग काढला तरी आत तीनशे व्होल्ट बसून असतात,
जेवण होऊनही न उठणाऱ्या पाहुण्यासारखे.
रेझिस्टर लावून त्यांना सावकाश वाटेला लावलं.
मग स्पीकरच्या तारांना घड्याळातला सेल टेकवला :
टक. कागद हलला.
ट्रान्सफॉर्मरच्या दोन्ही बाजू मीटरनं कबूल केल्या.
पुन्हा वीज दिली. मोठ्या व्हॉल्व्हच्या ग्रिडला
स्क्रू ड्रायव्हरचं टोक लावलं, गुरगुरला.
मधल्याला लावलं, जास्त गुरगुरला.
सगळ्यात पहिल्याला पेन्सिलीनं टिचकी मारली
तर रिकाम्या वाटीसारखा वाजला, चांगला मोठ्यानं.

गिटार जोडली.
काही नाही.

दुसऱ्या दिवशीही काही नाही.
चहा निवला. त्यावर साय आली.
चाचांना फोन लावावासा वाटला,
पण ते आता मालेगावला, लेकीकडे,
आणि फोनवर नुसतं हो, हो म्हणतात.

तेव्हा कुठं लक्षात आलं
की हा मुका नाहीच.
दारातच, जॅकमध्ये, नखाएवढी पितळी पट्टी असते.
वायर नसली की ती याला गप्प ठेवते,
वायर आली की तिनं उठून बाजूला व्हायचं.
ती उठतच नव्हती.
गिटार जे जे बोलत होती ते सगळं
उंबऱ्यावरूनच जमिनीत जात होतं.

चिमट्यानं केसभर वाकवली. स्पिरिटनं पुसली.
मामांनी जाड तार छेडली
आणि फळीवरच्या डब्यातले स्क्रू थरथरले,
शेजारून काबराशेठ ओरडले, अरे, बियाण्याची पोती आहेत इथं!
बियाण्याला काय होणार होतं कोण जाणे.

मग मामांना आठवलं :
भोकरदनच्या लग्नात नवरीचा भाऊ
वायरीत पाय अडकून पडला होता.
हे आधी नाही का सांगायचं?
त्याला कुठं लागलं होतं, मामा म्हणाले.

पावती लिहिली. पार्ट : निरंक.
मजुरीपुढे पेन बराच वेळ थांबलं.
दोनशे लिहिले, मामांनी दीडशे दिले,
आणि चटई घाईत माझ्याकडेच राहिली.

पण त्याआधी, सामान बांधायच्या आधी,
मी चाचांना फोन लावलाच,
आणि काही न बोलता स्पीकरसमोर धरला.
हो, हो, पलीकडून.
मामा वाजवत होते, कुठलं तरी भजन, अर्धं विसरलेलं.
हो.
मग जरा थांबून : नीचे थोडी हमिंग है. अर्थ देख.

ऐकलं, की चाळीस वर्षांच्या सवयीनं म्हणाले,
माहीत नाही.
मी मामांना तारांवर हात ठेवायला सांगितला
आणि कान लावला.
होती.