डायनॅमोवरची कॅसेट

त्या वर्षी जाफन्यात सेल मिळत नसत.
रॉकेल औंसावर, साबण दोऱ्याने कापून,
आणि कुगनेसनने कुठूनशी आणलेली एक कॅसेट.
सिनेमा आमच्यात कुणीच पाहिला नव्हता.

शेवग्याखाली सायकल उलटी ठेवलेली,
चाकं आभाळाकडे,
डायनॅमोची तार टेपच्या पोटात
आणि पायडलवर मी. वय अकरा.
तवमलर अक्का पायरीवर,
खवायचा नारळ नुसताच हातात.
तो कुंपणापलीकडे, ताडाच्या झावळ्यांआड.

माझा हात दमला की
गायिकेचा आवाज पुरुषी होई,
व्हायोलिनं चिखलात रुतत.
"फिरव की रे!"

पण दुसऱ्या बाजूच्या तिसऱ्या गाण्याला,
तो थांब म्हणतो अन् ती थांबत नाही तिथे,
मी मुद्दाम हळू फिरवी.
कडवं लांबे.
झावळ्यांमधला विडीचा लाल ठिपका
आणखी थोडा वेळ दिसे.
तेव्हा अक्का ओरडत नसे.

कार्तिकात तो गेला.
कुठे, ते तेव्हा कुणी विचारत नसे.
कॅसेट परत न्यायला आला नाही.

परवा कोलंबोत, कापडाच्या दुकानात
तेच गाणं लागलं. स्वच्छ. एकही सूर न ढळता
चार मिनिटांत आटोपलं.
अक्का साडीचा भाव करता करता थांबली.
चष्मा पुसला.
"फार घाईत म्हणतात," म्हणाली,
आणि पुन्हा पदर उलगडून पाहू लागली.

मी काय बोलणार?
खिशात माझा उजवा हात
केव्हाचा गोल फिरत होता,
हळू, आणखी हळू.