ओहोटी सहा बावन्न

दुधाचे खाडे मांडते मी कॅलेंडरवर,
त्याच चौकोनात, खाली, पेन्सिलीनं :
ओहोटी सहा बावन्न.
काल अमावास्या होती. आज रविवार.

तेवीस वर्षं झाली ह्या शहरात.
समुद्राकडे पाठ करून कट्ट्यावर बसले,
कणीस खाल्लं, घरी गेले.
पाणी येतं, जातं, एवढंच ठाऊक.
"जातं म्हणजे कुठे?
आणि गेल्यावर मागे काय राहतं?"
हे विचारलं रेवूनं, वय पावणेपाच.

म्हणून वांद्र्याच्या खडकांवर आम्ही तिघं.
भूषण अजून ठरवतोय
चपला हातात घ्याव्यात की पायात असू द्याव्यात.
(पायात. कालवांची कड
ब्लेडसारखी लागते. मागच्या खेपेला कळलंय.)

"पळू नकोस," मी म्हणते.
"पडशील," तो म्हणतो.
"श्शू," ती म्हणते
आणि परातीएवढ्या डबक्याशी उकिडवी बसते.

पहिली दोन मिनिटं काहीच नसतं.
पाणी. शेवाळाचं फडकं.
बिस्किटपुड्याचा कागद, तोही आपल्यापैकीच कुणाचा तरी.
मला घड्याळ बघावंसं वाटतं.
भूषणच्या गुडघ्यांचा आवाज होतो.
तिसऱ्या मिनिटाला
एक खडा चालू लागतो.

"शंखात खेकडा आहे!"
"शंख त्याचा नाही," भूषण सांगतो,
हे त्याला कुठून माहीत कोण जाणे,
"दुसऱ्या कुणाचा रिकामा झालेला.
लहान पडला की मोठा शोधतो."
"भाड्याचा?"
आम्ही दोघंही एकमेकांकडे बघत नाही.
आमचे अकरा महिने मार्चमध्ये संपतात.

पलीकडे एक फूल, मातकट हिरवं.
बोट नेलं की मिटतं, थांबलं की उमलतं.
भूषण फोनवर नाव शोधतो, रेंज येत नाही.
रेवूनं तोवर ठेवलंसुद्धा : मिटकीआज्जी.

"नख लावू नको हां, बाय,"
कालवं फोडणाऱ्या मोतनबाई मान वर न करता म्हणतात.
"लावलं नाही. विचारलं फक्त."
"काय विचारलंस?"
"भूक लागली का."
मोतनबाईंचा कोयता थांबतो.
मग त्या कालवाचा एक कण डबक्यात सोडतात,
फूल तो आत ओढून घेतं, हळू,
आणि आम्ही चौघं
काहीच बोलत नाही.

पाणी परतायला लागलं तसे निघालो.
बस दिसली, हात केला,
आणि रेवूचा खिसा खरवडू लागला.
"मी रिकामाच घेतला होता," ती म्हणाली,
ओठ थरथरत, "मी आत बघितलं होतं.
तो आत-आत होता."

बस गेली.
आम्ही उलट धावलो. डबकं नव्हतं.
आमची जागाच नव्हती, सगळीकडे एकसारखं
करडं, हलणारं पाणी.
भूषणनं पॅन्ट दुमडली, मग दुमडलेली सोडून दिली,
गुडघाभर आत गेला,
शंख ओंजळीत, पूजेच्या पाण्यासारखा,
आणि मागे वळून त्यानं विचारलं,
माझ्याकडे नाही, तिच्याकडे बघून,
"इथे चालेल?"

तिनं बराच वेळ विचार केला.
लाटा त्याच्या मांडीपर्यंत आल्या.
"थोडं डावीकडे."

सोमवारी ओहोटी साडेसातनंतर होती, तेव्हा शाळा.
मंगळवारचं मी लिहिलंच नाही.
रेवूला आकडे नीट येत नाहीत,
तिनं खुर्चीवर चढून
दिसेल त्या चौकोनात एकेक गोगलगायीसारखं वेटोळं काढलं.

महिनाअखेर दूधवाले मौर्याजी हिशेबाला आले.
चष्मा पुसून पुन्हा पाहिलं.
"ताई, हे काय?
शंख म्हणजे किती, अर्धा लिटर?"